माळ्यावरच्या संगणकासाठी मोडेमचा प्रोग्रॅम निवडताना

जुना एक्सटी किंवा एटी (आयबीएम पीसीच्या घराण्यातला) संगणक माळ्यावरून खाली आला, पुसून-वाळवून चालू झाला, पडद्यावर डॉसची खूण उमटली आणि मागच्या बाजूला टेलिफोनच्या तारेवरून संगणकांना बोलू देणाऱ्या मोडेमची केबल बसली, म्हणजे पुढचा प्रश्न मोडेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा येतो. रत्नागिरी, चिपळूण, देवगड या भागांतील माझ्या ओळखीच्या काही घरांतून असे संगणक पुन्हा सुरू झाले आहेत. कोणाला त्यांत अडकलेले बागेचे जुने हिशेब बाहेर काढायचे असतात, तर कोणाला अजून चालू असलेल्या बुलेटिन बोर्डांवर (निरोप व फाइली देण्या-घेण्यासाठी इतरांना खुल्या असलेल्या संगणकांवर) त्याच काळातल्या यंत्राने जाण्याची हौस असते. सर्वांत चांगला प्रोग्रॅम कोणता, असे मला विचारले जाते, तेव्हा मी आधी एवढेच सांगतो की लाइन नीट चालू असताना सगळेच प्रोग्रॅम चांगले असतात. निवड करायची ती लाइन मध्येच तुटल्यावर प्रोग्रॅम काय करतो, हे पाहून.

हे मत मी कोकणातल्या टेलिफोन लाइनीवरच बनवले. १९९४ च्या आंब्याच्या हंगामात माझा पुतण्या मुंबईतल्या एका अडत्याच्या पेढीवर हिशेब लिहीत असे आणि आमच्या वाडीतल्या बागायतदारांच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीचे हिशेब, तो रात्री मोडेमवरून मला पाठवीत असे. फाइल साधारण ६० किलोबाइटांची असे. २४०० बिटांच्या मोडेमवर, एका अक्षरामागे सुरुवातीचा व शेवटचा बिट धरून दहा बिट खर्ची पडत असल्याने, सेकंदाला २४० अक्षरे जातात. म्हणजे ही फाइल सव्वाचार मिनिटांत यावयास हवी. परंतु आमच्या घरापर्यंतची तार नारळी-फोफळींतून आलेली होती आणि वळिवाचा वारा सुटला की झावळी तारेवर घासून तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला लाइन तुटे. आम्ही तेव्हा एक्समोडेम हा प्रोटोकॉल, म्हणजे दोन संगणकांनी फाइल देण्या-घेण्याची ठरलेली पद्धत, वापरत होतो. तुटलेली फाइल एक्समोडेमला पुढे चालू ठेवता येत नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी पहिल्या अक्षरापासून सुरुवात करावी लागे आणि एका रात्री सव्वाचार मिनिटांच्या कामाला आम्ही पाऊण तास एसटीडीचे (परगावच्या फोनचे) मीटर फिरवले. त्या महिन्याच्या बिलानंतर मी प्रोग्रॅम बदलला.

म्हणून प्रोग्रॅमच्या माहितीपत्रकात रंगीत खिडक्यांचे वर्णन वाचण्याआधी त्यात फाइल पाठवण्याचे कोणते प्रोटोकॉल आहेत, ते पाहावे. एक्समोडेम वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी १९७७ मध्ये लिहिला. पुढच्याच वर्षी त्यांनी रँडी सुएस यांच्यासह शिकागोत पहिला संगणकीय बुलेटिन बोर्ड सुरू केला. हा प्रोटोकॉल जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅममध्ये सापडतो, हाच त्याचा मोठा गुण. तो १२८ बाइटांचा एकेक तुकडा पाठवतो, पलीकडून पोच येईपर्यंत थांबतो आणि मगच पुढचा तुकडा सोडतो. मूळ रूपात तुकडा तपासण्यासाठी बाइटांची एक साधी बेरीज असते. खरखरीच्या लाइनीवर दोन चुका एकमेकींना झाकून टाकतात आणि बेरीज बरोबर येऊनही मजकूर बिघडलेला असतो. सीआरसी या अधिक काटेकोर गणिती पद्धतीने तपासणारी त्याची सुधारित आवृत्ती याबाबतीत पुष्कळच भरवशाची आहे, पण ती वापरायची की नाही हे घेणारा संगणक ठरवतो. तेव्हा आपल्याकडच्या प्रोग्रॅमला ती येते का, याची खात्री करावी. आणखी एक बारकावा असा की शेवटचा तुकडा अपुरा असेल तर एक्समोडेम तो भरताडाने पूर्ण करतो. मजकुराच्या फाइलीत हे खपून जाते, मात्र नेमक्या लांबीवर अवलंबून असलेल्या फाइलीत ते त्रास देऊ शकते.

वायमोडेम हा १९८५ च्या सुमाराचा. तो १०२४ बाइटांचे मोठे तुकडे घेतो आणि फाइलीचे नावही सोबत पाठवतो. स्वच्छ लाइनीवर तो वेगवान आहे, पण आपल्याकडच्या पावसाळी लाइनीवर एक अक्षर बिघडले की संपूर्ण हजार बाइटांची पुनरावृत्ती होते, म्हणून मी त्याच्या वाटेला फारसा गेलो नाही.

आपल्याला हवा तो झेडमोडेम. चक फोर्सबर्ग यांनी तो १९८६ मध्ये तयार केला. तो प्रत्येक तुकड्यानंतर पोचेची वाट पाहत बसत नाही, सलग पाठवत राहतो. चूक झालीच तर घेणारा संगणक कोणत्या जागेपासून पुन्हा पाठवायचे ते सांगतो आणि गाडी तेथून पुढे निघते. याच युक्तीमुळे कॉल पूर्ण तुटला, दहा मिनिटांनी किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा लागला, तरी अर्धवट आलेली फाइल जेथे थांबली होती तेथून पुढे चालू करता येते. मात्र यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात. तुटलेली फाइल पुसून न टाकता राखून ठेवण्याची सोय प्रोग्रॅममध्ये असावी व ती चालू केलेली असावी. आणि त्याच नावाची फाइल आधीच आहे असे आढळल्यास तिचे नाव बदलून नवी फाइल करण्याऐवजी जुनीच पुढे वाढवण्याचा पर्याय निवडलेला असावा. पुष्कळ जण झेडमोडेम आहे म्हणून निर्धास्त राहतात आणि ही दुसरी गोष्ट न पाहिल्यामुळे डिस्कवर एकाच फाइलीचे चार अर्धवट तुकडे गोळा करतात. प्रोग्रॅम घेतल्यावर पहिली परीक्षा हीच घ्यावी: फाइल निम्मी येऊ द्यावी, टेलिफोनची वायर स्वतःच्या हाताने काढावी, पुन्हा जोडावी आणि काय होते ते पाहावे.

कर्मिट हा चौथा गडी. तो १९८१ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जन्मला आणि त्याचे नाव एका दूरचित्रवाणी कार्यक्रमातील बेडकावरून ठेवलेले आहे; मृगाच्या पावसात चालवायच्या वस्तूला याहून शोभेसे नाव मिळाले नसते. जेथे लाइन किंवा पलीकडचा संगणक अक्षराचे सातच बिट पुढे जाऊ देतो, किंवा काही नियंत्रण-अक्षरे वाटेत गिळून टाकतो, तेथे बाकीचे प्रोटोकॉल अडून बसतात आणि कर्मिट मात्र प्रत्येक अवघड अक्षराचे साध्या छापील अक्षरांत रूपांतर करून काम पार पाडतो. त्याचे मूळ पाकीट (तुकडा) लहान असल्याने तो संथ म्हणून बदनाम आहे, परंतु मोठी पाकिटे व पोचेची वाट न पाहता एकामागून एक पाकिटे सोडण्याची ‘खिडकी’ या दोन सोयी चालू केल्या तर ही बदनामी बरीचशी निराधार ठरते.

सात आणि आठ बिटांचा हा मुद्दा मराठी माणसाने विशेष लक्षात ठेवावा. त्या काळी देवनागरी दाखवणारे जिस्ट कार्ड बसवलेल्या संगणकांवर मराठी मजकूर इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतात साठवला जाई. हा संकेत भारतीय मानक म्हणून १९९१ मध्ये निश्चित झाला. त्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराचा क्रमांक १६० च्या पुढचा असतो, म्हणजेच आठवा बिट कायम लागलेला असतो. आता प्रोग्रॅमची मांडणी सात बिट व सम पॅरिटी (चूक पकडण्यासाठीचा जादा बिट) अशी राहिली असेल, तर आठवा बिट गळून पडतो आणि १७९ क्रमांकाचा ‘क’ १२८ वजा होऊन ५१ चा, म्हणजे इंग्रजी तीनचा आकडा होतो. ‘ख’चा चार होतो, ‘ग’चा पाच. संपूर्ण पट्टी अशी आकड्यांची व चिन्हांची खिचडी होऊन येते आणि लाइनीला उगाच दोष दिला जातो. म्हणून आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप (शेवटचा) बिट ही मांडणी प्रत्येक क्रमांकासोबत वेगळी नोंदवून ठेवता येईल, अशी डायलिंगची वही प्रोग्रॅममध्ये असली पाहिजे. याच संदर्भात आणखी एक गंमत आहे. आयबीएमच्या अक्षरसंचात १७९ या क्रमांकावर चौकटीची उभी रेघ असते, त्यामुळे देवनागरी पडदा चालू ठेवून चौकटीदार प्रोग्रॅम उघडला, तर खिडकीच्या कडेला ‘क’ची उतरंड लागलेली दिसू शकते. प्रोग्रॅम बिघडलेला नसतो. इंग्रजी पडद्यावर जावे, की रेघा परत येतात.

यानंतरचा मुद्दा कॉल लावण्याचा आणि तोडण्याचा आहे, व त्याकडे माझ्या मते सर्वांत कमी लक्ष दिले जाते. हेज कंपनीने १९८१ मध्ये स्मार्टमोडेम आणला तेव्हापासून मोडेमला ‘एटी’ने सुरू होणाऱ्या आज्ञा देण्याची पद्धत रूढ झाली आणि प्रोग्रॅमचे निम्मे काम या आज्ञा योग्य वेळी पाठवण्याचे असते. परदेशी मोडेम आपल्याकडच्या डायल टोनला ओळखत नाहीत, कारण आपला टोन अमेरिकेतल्या टोनसारखा नाही. ते ‘डायल टोन नाही’ असे सांगून गप्प बसतात. यावर उपाय म्हणजे प्रारंभिक आज्ञेत एक्स-तीन (X3) घालणे. मग मोडेम टोनची वाट न पाहता क्रमांक फिरवतो आणि एंगेज्ड टोन मात्र ओळखण्याचा प्रयत्न करतो. तेव्हा प्रोग्रॅममध्ये प्रारंभिक आज्ञा स्वतः लिहिण्याची जागा असलीच पाहिजे. जुन्या यांत्रिक एक्स्चेंजवर बटणांच्या टोनने क्रमांक लागत नसे, पल्सनेच (चकतीच्या फोनसारख्या खटक्यांनी) तो फिरवावा लागे, आणि शून्य फिरवल्यावर पुढची लाइन मिळेपर्यंत दोन सेकंद थांबण्यासाठी स्वल्पविराम द्यावा लागे. हे सारे प्रत्येक क्रमांकामागे वेगवेगळे लिहिता यावे.

रात्री अकरानंतर एसटीडीचा पाव दर सुरू होई आणि त्याच क्षणी अवघ्या कोकणाला मुंबईला फोन करायचा असे. ‘इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं’ हे रेकॉर्ड केलेले वाक्य मोडेमला समजत नाही. त्याला तो एंगेज्ड टोनही वाटत नाही आणि पलीकडच्या मोडेमची शिटीही वाटत नाही. म्हणून ठरावीक सेकंदांत शिटी आली नाही तर आपणहून फोन ठेवणारा, थोडे थांबून पुन्हा लावणारा आणि लागल्यावर मोठ्याने घंटी वाजवणारा प्रोग्रॅम निवडावा. माणूस पडवीत जाऊन पडू शकतो. प्रोग्रॅमने जागे राहावे.

तोडण्याची बाब त्याहून गंभीर आहे. प्रोग्रॅममधून बाहेर पडले म्हणजे फोन ठेवला गेला, असा समज असतो आणि तो नेहमी खरा नसतो. काही प्रोग्रॅम बाहेर पडताना कॉल मुद्दाम चालू ठेवतात, म्हणजे मधल्या वेळात दुसरे काही करता यावे. आणि काही मोडेमांतील छोट्या स्विचांची मांडणी अशी असते की संगणकाने डीटीआर ही, ‘मी तयार आहे’ असे मोडेमला सांगणारी, तार सोडली तरी मोडेम लाइन धरून ठेवतो. आमच्या ओळखीच्या एका घरी रात्री संगणक बंद केला, दिवा मालवला आणि मोडेम मात्र सकाळी चहापर्यंत मुंबईशी जोडलेला राहिला. यासाठी तीन गोष्टी तपासाव्यात: बाहेर पडताना ‘फोन ठेवायचा का’ असे प्रोग्रॅम विचारतो का, तो डीटीआर सोडून फोन ठेवतो की सेकंदभर शांतता, तीन अधिकचिन्हे, पुन्हा सेकंदभर शांतता व मग फोन ठेवण्याची आज्ञा अशा लांबच्या मार्गाने जातो, आणि मोडेमला अँपरसँड-डी-दोन (&D2) ही आज्ञा दिलेली आहे का. डीटीआरचा मार्ग खात्रीचा व जलद आहे. कॉल किती मिनिटे चालला हे पडद्याच्या खालच्या ओळीत सतत दाखवणारा प्रोग्रॅम मी नेहमी पसंत केला.

संगणकाच्या कुवतीविषयी थोडक्यात. मूळ पीसी व एक्सटीत ४.७७ मेगाहर्ट्झचा ८०८८ आणि ८२५० जातीची सिरियल चिप (मोडेमकडची अक्षरे आत-बाहेर करणारी) असे. या चिपमध्ये एकाच अक्षराची जागा असते, म्हणून पुढचे अक्षर येण्याआधी संगणकाने ते उचलले नाही तर ते हरवते. २४०० पर्यंत सहसा अडचण येत नाही. ९६०० वर पडदा सरकत असताना अक्षरे गळू लागली, तर आरटीएस-सीटीएस या, ‘थांब’ व ‘पाठव’ असे सांगणाऱ्या, तारांवरचे नियंत्रण चालू करावे. आणि शक्य असेल तर सोळा अक्षरे धरून ठेवणारी १६५५०ए चिप असलेले कार्ड बसवून ती वापरणारा प्रोग्रॅम घ्यावा. एक्स-ऑन, एक्स-ऑफ हे अक्षरांचे नियंत्रण फाइल पाठवताना बंद ठेवावे, कारण फाइलीतलीच अक्षरे थांबण्याची खूण समजली जातात. प्रोग्रॅम, त्याची मांडणीची फाइल आणि येणाऱ्या फाइलीला जागा, हे सारे एका ३६० केबी फ्लॉपीत बसते का, तेही हार्ड डिस्क नसलेल्यांनी मोजून पाहावे. ती पूर्ण फ्लॉपी २४०० वर यायला पंचवीस मिनिटे लागतात. ३०० बिटांच्या मोडेमवर तीन तासांहून अधिक.

आता नावे. एक्सटी-एटी वर्गासाठी माझी पहिली पसंती टेलिक्सला आहे. कॅनडातील कॉलिन सॅम्पालिआनू यांचा हा शेअरवेअर (आधी वापरून पाहा, मग पैसे द्या) प्रोग्रॅम; झेडमोडेम त्यात अंगभूत आहे, डायलिंगची वही सुटसुटीत आहे आणि सॉल्ट नावाच्या त्याच्या आज्ञाभाषेत रात्रीचे काम लिहून ठेवता येते. प्रोकॉमच्या २.४ च्या शेअरवेअर आवृत्तीवर अनेकांचा हात बसलेला आहे व तो वापरायला अतिशय सरळ आहे, पण त्यात झेडमोडेम नाही. तो फोर्सबर्ग यांच्याच डीएसझेड या छोट्या प्रोग्रॅमने बाहेरून जोडून घ्यावा लागतो. एवढी खटपट नको असेल तर प्रोकॉम सोडावा. क्यूमोडेमही चांगला, टेलिक्स मिळाला नाही तर तो. मोडेमच्या खोक्यात फुकट आलेला प्रोग्रॅम केवळ मोडेम जिवंत आहे का, हे पाहण्यापुरता ठेवावा. विंडोज ३.१ मधील टर्मिनल एक्समोडेम व कर्मिट एवढेच जाणतो, तर विंडोज ९५ मधील हायपरटर्मिनलमध्ये झेडमोडेम आहे, म्हणून तेथे निराळा शोध घेण्याचे कारण नाही. आणि मुख्य प्रोग्रॅम कोणताही असो, एमएस-डॉस कर्मिट एका वेगळ्या फ्लॉपीवर जवळ असू द्यावा. त्याच्या आज्ञा टंकून द्याव्या लागतात, दिसायला तो रुक्ष आहे, पण व्हीटी-१०० या पडदा व कळफलक एवढ्याच जुन्या टर्मिनलची नक्कल तो जेवढी चोख करतो तेवढी फार थोड्यांना जमते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मोठ्या शहरांतून इंटरनेट सर्वांसाठी खुले केले, तेव्हा फक्त मजकूर दाखवणाऱ्या खात्यावर टपाल वाचणाऱ्यांना हीच नक्कल लागत असे. ती सदोष असली की ओळी एकमेकींवर चढत.

निवड झाल्यावर थेट टेलिफोनवर जाऊ नये. दोन संगणक शेजारी ठेवून नल-मोडेम केबलने जोडावेत: पाठवण्याची व घेण्याची तार एकमेकींत फिरवलेली, जमिनीची तार सरळ, आणि आरटीएस-सीटीएसही फिरवलेल्या. एक्सटीच्या मागे २५ पिनांच्या दोन जागा असू शकतात. पिना बाहेर आलेली ती सिरियल, भोके असलेली ती प्रिंटरची. या केबलवर ९६०० ने फाइली इकडून तिकडे कराव्यात, मध्येच केबल काढून पाहावी. ज्यांना फक्त जुने हिशेब बाहेर काढायचे आहेत, त्यांचे काम येथेच संपते. त्यांना मोडेमची गरजच नाही.

प्रोग्रॅम संगणकावर आणताना एक फसगत होते. १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये लिहिलेली ३६० केबीची फ्लॉपी जुन्या ड्राइव्हला वाचता येत नाही, कारण नव्या ड्राइव्हची लेखनरेषा अरुंद असते व बाजूला जुन्या लेखनाची कड उरते. त्यासाठी कधीच न वापरलेली फ्लॉपी घ्यावी, किंवा ३६० च्याच ड्राइव्हमध्ये लिहून आणावी. आपल्या दमट हवेत फ्लॉपीला बुरशी फार लवकर धरते. खिडकीतून चकतीवर पांढरे ठिपके दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालू नये, नाहीतर हेड खराब होऊन पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही जातील.

ज्यांच्या घरी आता तांब्याच्या तारेऐवजी फायबर आलेले आहे, त्यांच्या टेलिफोनचा आवाज पाकिटांत तुकडे होऊन जातो आणि मोडेमची शिटी त्यात टिकत नाही. त्यांनी जुन्या मोडेमचा हट्ट न धरता, सिरियल पोर्टला लागणारा व ‘एटी’ आज्ञा समजणारा छोटा वायफाय मोडेम घ्यावा. प्रोग्रॅमला तो खरा मोडेमच वाटतो. टेलिफोन क्रमांकाच्या जागी बुलेटिन बोर्डाचा इंटरनेटवरचा पत्ता डायल करायचा असतो. वेग मात्र संगणकाला झेपेल तोच, म्हणजे एक्सटीवर २४०० किंवा फार तर ९६०० ठेवावा. झेडमोडेमने फाइल मध्येच अडकू लागली, तर वायफाय मोडेममधील टेलनेटची (इंटरनेटवरून दुसऱ्या संगणकाशी बोलण्याच्या पद्धतीची) मांडणी तपासावी, कारण टेलनेटमध्ये २५५ क्रमांकाच्या बाइटला विशेष अर्थ असून तो दोनदा पाठवावा लागतो. एका बाजूने तसे केले व दुसरीने नाही केले, की फाइल त्याच बाइटाशी पुन्हा पुन्हा अडते. अशा वेळी कर्मिटची फ्लॉपी काढावी, तो २५५ चा बाइट साध्या अक्षरांत गुंडाळून नेतो.

ज्यांची तार अजून तांब्याची आहे, त्यांनी वळिवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात काम झाल्यावर मोडेममधून टेलिफोनची वायर काढून ठेवावी. केवळ बटण बंद करणे पुरत नाही, कारण आकाशातली वीज तारेवाटे येते आणि मोडेमसोबत सिरियल कार्डही घेऊन जाते.